स्कूल बसच्या कार्यशाळेला जावे कसे, आणि तेवढ्यात बारामती-इंदापूर पाहावे कसे

मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक दिवस पत्र येऊन पडते. विषय : विद्यार्थी वाहतूक सुरक्षा, कार्यशाळा व अभ्याससहल. स्थळ : बारामती. तळाशी बारीक अक्षरांत : भोजनाची व्यवस्था केली आहे. मुख्याध्यापक पत्र पर्यवेक्षकांकडे सरकवतात, पर्यवेक्षक क्रीडाशिक्षकांकडे. क्रीडाशिक्षक नेमके मैदानावर असतात. मग पत्र ज्याच्या हाती उरते तो शाळेचा प्रतिनिधी ठरतो. त्याने आयुष्यात कधी स्कूल बसमध्ये पाय ठेवलेला नसला, तरी त्यामुळे काही अडत नाही. अशा प्रतिनिधीच्या सोयीसाठी पुढील सूचना क्रमवार दिल्या आहेत.

पायरी पहिली : महिना ओळखावा

या कार्यशाळांचे पीक वर्षातून दोनदा येते. पहिले जूनच्या तोंडावर. शाळा उघडायच्या आत गाड्यांचे पासिंग उरकायचे असते, आरटीओच्या आवारात पिवळ्या बसची रांग लागते, आणि त्या रांगेला जोडून कुठे तरी भाषणही होते. दुसरे पीक जानेवारीत, रस्ता सुरक्षा अभियानाच्या निमित्ताने. पूर्वी तो सप्ताह असे, आता महिना झाला आहे. अपघातांचे माहीत नाही, पण भाषणे त्या प्रमाणात वाढली.

जाणता प्रतिनिधी जानेवारीच धरतो. त्या दिवसांत उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरलेले असतात, जिरायत पट्ट्यात हुरडा असतो आणि साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात. जूनमध्ये गेल्यास तुकोबांच्या पालखीशी गाठ पडण्याचा संभव असतो. तशी पडलीच, तर कार्यशाळा विसरून पालखीबरोबर चालू लागावे. कारण पुढे येईल.

पायरी दुसरी : मार्ग निवडावा

दौंडहून येणारी रेल्वे बारामतीलाच संपते, त्यामुळे गाडीत झोप लागली तरी गाव चुकत नाही. पण प्रवासभत्ता आणि हवापालट दोन्ही साधायचे, तर पुण्याहून सासवड, जेजुरी, मोरगाव हा रस्ता धरावा. मोरगाव अष्टविनायकांतले पहिले आणि बारामती तालुक्यातले. तिथे दर्शन घेतल्यास ते 'क्षेत्रभेट' या रकान्यात बसते.

जेजुरीला मात्र खिडकीतून नीट पाहावे. पायऱ्यांवर, कपाळांवर, सदऱ्यांवर भंडारा असतो, आणि लांबून डोंगरावर पहिल्यांदा नजरेत भरतो तो पिवळाच. कार्यशाळेत 'स्कूल बस पिवळीच का' हा प्रश्न हमखास निघतो. तेव्हा उत्तर तयार असलेले बरे.

हा रंग मुळात एका परिषदेतच ठरला. फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकाने अमेरिकेत फिरून पाहणी केली, तेव्हा कुठे मुले घोडागाडीतून शाळेला जाताना दिसली, कुठे गहू वाहायच्या गाडीतून. काही ठिकाणी मुलांत देशभक्ती यावी म्हणून बस झेंड्याच्या लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांत रंगवत होते. १९३९च्या एप्रिलमध्ये सायरने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या टीचर्स कॉलेजात सात दिवसांची बैठक बोलावली. खर्चाला रॉकफेलरांकडून पाच हजार डॉलर मिळाले होते. तेव्हाच्या ४८ राज्यांचे लोक आले. लिंबासारख्या पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत छटांच्या पट्ट्या टांगल्या होत्या. सकाळ-संध्याकाळच्या अंधुक उजेडात काळी अक्षरे ज्या रंगावर उठून दिसतील तो रंग निवडला गेला, आणि उठताना बसची एकूण ४४ मानके ठरवून मंडळी उठली.

सात दिवसांत ४४ मानके हा वेग आपल्याकडच्या प्रतिनिधीला मंद वाटेल. आपल्याकडे एका सकाळीत तेवढे सत्कार होतात.

पायरी तिसरी : गावात उतरावे

बारामतीचे नवे एसटी स्थानक २०२४ साली सुरू झाले. ते पाहून आपण चुकून विमानतळावर आलो असे वाटल्यास घाबरू नये, फलाटावर लाल गाड्या दिसल्या की खात्री पटते. गावाबाहेर खराखुरा विमानतळही आहे आणि तिथे वैमानिक घडवतात. एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे आणि तिथे तीनचाकी 'आपे' तयार होते. म्हणजे आकाशापासून गल्लीपर्यंत वाहतुकीचे सगळे थर एकाच गावात. प्रतिनिधीने सभागृहापर्यंत रिक्षानेच जावे आणि वाटेत रिक्षावाल्या काकांना एकच प्रश्न विचारावा : सकाळी शाळेची किती पोरे बसवता? काका उत्तर देणार नाहीत, आरशात पाहतील. त्या नजरेची नोंद अहवालात घ्यावी.

पायरी चौथी : उद्घाटनाला टिकाव धरावा

वेळ दहाची असते, म्हणजे अकरा. पहिली रांग मान्यवरांसाठी राखलेली आणि दुसरी मान्यवर समजल्या जाणाऱ्यांसाठी. प्रतिनिधीने पाचव्या रांगेत, दाराच्या बाजूला बसावे. पाव्हणे आले की समई पुढे येते आणि काडीपेटी मागे राहते. खिसे चाचपले जातात, कुणीतरी कँटीनकडे पळतो, पंखा बंद करा असा आवाज उठतो. तिसऱ्या काडीला वात पेटते.

या पाच मिनिटांत प्रतिनिधीने भिंतीवरच्या लाल नळकांड्याकडे पाहावे. असेच नळकांडे प्रत्येक स्कूल बसमध्ये असले पाहिजे असा नियम आहे, आणि थोड्याच वेळात तो पडद्यावर येणार आहे. शेजारच्याला सहज विचारावे, हे चालवता येते का. बहुधा येत नसते. पिन ओढायची, नळीचे तोंड ज्वाळेच्या शेंड्याकडे नव्हे तर बुडाकडे धरायचे, दाबायचे आणि आडवे फिरवायचे, एवढेच ते काम. समई पेटवायला लागला त्याहून कमी वेळ लागतो.

पायरी पाचवी : नियम ऐकावेत

चहानंतर नियम सुरू होतात, आणि इथे मात्र विनोद थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो. १८ नोव्हेंबर १९९७ला दिल्लीत वजिराबाद पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली. २८ मुले गेली. महिना व्हायच्या आत, १६ डिसेंबरला, एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्कूल बससाठी निर्देश दिले. पुढे-मागे 'स्कूल बस' अशी ठळक अक्षरे, भाड्याची गाडी असेल तर 'शाळेच्या कामावर' अशी पाटी, शाळेचे नाव आणि फोन, खिडक्यांना आडव्या सळ्या, दाराला भरवशाचे कुलूप, वेगनियंत्रक, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, दप्तरांसाठी जागा, जड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला चालक आणि सोबत एक मदतनीस. आज पडद्यावर झरझर सरकणारी ही यादी त्या पुलावरून आलेली आहे.

महाराष्ट्राने २०११ साली स्कूल बससाठी स्वतःची नियमावली केली. तिच्यातली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे प्रत्येक शाळेची परिवहन समिती. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, सोबत पालक, पोलीस, आरटीओ आणि बसवाल्यांचे प्रतिनिधी. ही समिती आपल्या शाळेत आहे का, असे वक्ते विचारतील. प्रतिनिधीने हात वर करावा. आपण तिचे सदस्य आहोत हे बऱ्याच जणांना अशा वेळीच कळते.

यानंतर गणित. बारा वर्षांखालील मुले आसनांच्या दीडपटीपर्यंत चालतात. म्हणजे चाळीस आसनांत साठ. त्यापुढे एक जरी चढला, तरी मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीप्रमाणे जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच विचारतो, मांडीवर बसलेला धरायचा का? सभागृह हसते. वक्ते हसत नाहीत, कारण त्यांनी रस्त्यावर थांबवलेल्या व्हॅनमध्ये मांडीवरचे मोजलेले असतात.

पायरी सहावी : जेवणानंतर शास्त्रशुद्ध निसटावे

मटकीची उसळ, मसालेभात, जिलबी. यानंतर 'मानवी चूक आणि तिचे व्यवस्थापन' असा विषय असतो आणि दिवे मंद केलेले असतात. शेवटच्या रांगेत डुलकी घ्यायचा मोह होईल. तो टाळावा. सत्र संपल्यावर शिपाई दारातूनच आत नजर टाकतो, कुणी दिसले नाही की दिवे घालवून कुलूप लावतो. शेवटच्या बाकड्यामागे आडवे झालेले दारातून दिसत नाही.

बसमध्ये झोपलेले लहान मूल नेमके असेच राहून जाते. फेरी संपली की चालकाने किंवा मदतनीस मावशींनी शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचे, खाली वाकून पाहायचे, मगच दार लावायचे, हा त्यावरचा उपाय. परदेशात काही बसमध्ये मागच्या टोकाला बटण असते. तिथवर जाऊन ते दाबले नाही, तर भोंगा वाजू लागतो. कुलूपबंद सभागृहात अर्धा तास काढलेल्या प्रतिनिधीला हे बटण विशेष पटते.

त्यापेक्षा कऱ्हेकाठी जावे. बाबूजी नाईकांच्या वाड्याशी उभे राहून मोरोपंतांची आठवण काढावी. नाईकांच्या आश्रयाने पंतांनी इथेच आयुष्य काढले आणि १७९४ साली इथेच देह ठेवला. त्यांनी एका रामकथेची १०८ रामायणे केली असे सांगतात. एका विषयावर १०८ परिपत्रके काढणाऱ्या खात्यांनी खरे तर आपला कुलपुरुष म्हणून त्यांचा फोटो लावायला हवा. त्यांतले एक निरोष्ठ रामायण, म्हणजे उच्चारताना ओठाला ओठ लागायचा नाही. प्रतिनिधीने स्कूल बसची नियमावली याच पद्धतीने म्हणून पाहावी. 'बस' म्हणता येत नाही, 'पालक' नाही, 'परिवहन समिती' नाही, 'मावशी' तर नाहीच. 'रिक्षा' मात्र बिनदिक्कत म्हणता येते. प्रत्यक्षातही पुष्कळ शाळांची वाहतूक याच व्याकरणाने चालते.

जवळच काशीविश्वेश्वराचे देऊळ आहे. श्रीधरांनी शिवलीलामृत बारामतीतच, शके १६४० मध्ये पुरे केले. कार्यशाळेचा अहवाल किती दिवसांत पुरा करायचा, याचा विचार इथे शांतपणे करता येतो.

पायरी सातवी : अभ्याससहलीला जावे

दुसऱ्या दिवशी प्रतिनिधींसाठी बस ठरवलेली असते. ती पाहताच कार्यशाळेत शिकलेले सर्व ताडून पाहण्याची संधी मिळते. संकटकालीन दारासमोर फ्लेक्सची गुंडाळी आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके. प्रथमोपचार पेटीत एक उदबत्तीचा पुडा. आसने बावन्न आणि माणसे एकसष्ट, बारा वर्षांखालील कुणीही नाही. दोन मुख्याध्यापक केबिनमध्ये गिअरच्या बाजूला बसलेले, कारण तिथे वारा लागतो. सुरक्षेवर कालच बोललेले गृहस्थ पायरीवर उभे राहून 'चला, चला, जाऊ द्या' म्हणतात. किती आले, किती राहिले, हे कुणी विचारत नाही. सगळे शिकलेले लोक आहेत.

गाडी काटेवाडीच्या दिशेने निघते. इथे तुकोबांच्या पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. ज्याने ते पाहिले त्याला वाहतूक नियोजनाचे वेगळे सत्र नको. शेकडो मेंढ्या, भोवती हजारो माणसे, मध्ये पालखी, आणि तरी मेंढी चेंगरत नाही. पुढे बेलवडीला अश्वांचे रिंगण होते. घोडा भरधाव सुटणार म्हणून कुणाला मागे व्हा असे दहादा सांगावे लागत नाही, कडे आधीच धरलेले असते. शाळेच्या फाटकासमोर साडेबाराला असे कडे धरता आले, तर निम्मे भाषण वाचेल.

भवानीनगरच्या पुढे गाळपाचा हंगाम प्रत्यक्ष भेटतो. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, उसाच्या मोळ्या दोन्ही अंगांनी फूट-फूटभर बाहेर, मागचा दिवा वाढ्यांत बुडालेला, आणि चालकाजवळ असे गाणे की मागच्या हॉर्नला काही अर्थ राहू नये. हिवाळ्यात उशिरा उजाडते आणि शाळेच्या बस अशा ट्रॉलीमागून निघतात. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा होतात. हातभर लाल पट्टी, पण अंधारात तेवढीच दिसते. प्रतिनिधीने इथे एक ट्रॉली मागून पाहावी आणि तिला रिफ्लेक्टर आहे की चिखल आहे, ते लिहून घ्यावे.

उजव्या हाताला वालचंदनगर राहते. पूर्वीचे कळंब, वालचंद हिराचंदांनी तिथे साखर कारखाना उभारला आणि आज तिथल्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांचे भागही बनतात. अग्निबाण सुटताना आकडे मोजतात, हे बसमध्ये कुणीतरी अभिमानाने सांगते.

निमगाव केतकी मागे टाकून गाडी इंदापुरात शिरते. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इथल्याच लढाईत पडले. त्यांची गढी पाहावी, चांदशाहवलीच्या दर्ग्याशी थांबावे. मग चहा, आणि पुणे-सोलापूर महामार्ग. इथे जरा गंभीर प्रात्यक्षिक करता येते. चहाच्या टपरीवर बस उभी असताना एका प्रतिनिधीने चालकाच्या सीटवर बसावे आणि दुसऱ्याने बसच्या नाकासमोर, पहिलीतल्या मुलाच्या उंचीइतके, उकिडवे बसावे. वरच्याला खालचा दिसत नाही. सुरक्षेचे प्रशिक्षण देणारे बसभोवतालच्या दहा फुटांना धोक्याचा पट्टा म्हणतात, तो हा. वेगनियंत्रक, सळ्या आणि कुलपे आतल्या मुलाला सांभाळतात. उतरून चप्पल सरळ करायला वाकलेले मूल या सगळ्यांच्या बाहेर असते. तिथे उपकरण नसते, माणूस लागतो.

पळसदेवपाशी उजनीचे पाणी महामार्गाला भिडते. जुने गाव धरणात गेले, उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसनाथाचे शिखर वर येते. भिगवणच्या अलीकडे कुंभारगावला होड्या असतात. ज्यांची घरे मासेमारीवर चालत तेच नावाडी आता पक्षी दाखवतात. नावाडी प्रत्येकाला लाइफ जॅकेट देतो. प्रतिनिधी ते मांडीवर घेतात, फोटोपुरते अंगात घालतात आणि पुन्हा मांडीवर घेतात. रोहित उडाले की गुलाबी पंखांचा पट्टा उलगडतो, आणि सगळे एकदम मोजायला लागतात. दोनशे! छे, साडेतीनशे! एक पर्यवेक्षक दहा-दहाच्या गटांनी मोजायची युक्ती सांगतात. तीनशे बारा, असा निकाल लागतो. मग चिलापीचे तळलेले तुकडे, मग 'चला, चला, जाऊ द्या', आणि बस बारामतीच्या वाटेला लागते. भूगोलाचे सर धक्क्यावर दुर्बिणीतून तीनशे तेरावा शोधत असतात.

पायरी आठवी : राहून गेल्यास काय करावे

घाबरू नये. फोन लावावा. बसमध्ये गाणी चालू असल्याने तो उचलला जाणार नाही. मग फाट्यावर येऊन उभे राहावे.

संध्याकाळी पाचच्या सुमारास तिथे एक पिवळी बस थांबते. आधी दार उघडते आणि मावशी खाली उतरतात. त्यांनी साडीवर शाळेचे जाकीट घातलेले असते आणि हातात रुळलेली वही असते. एकेकाला मनगटाशी धरून खाली घेतात, हाताला धरत नाहीत, कारण हात सुटतो. बसच्या पुढून नव्हे, लांब मागे नेऊन, दोन्हीकडे पाहून, पलीकडे आजोबांच्या ताब्यात देतात. परत येऊन वहीत टिंब करतात. त्यांना कार्यशाळेचे निमंत्रण नव्हते. चालक काकांनाही नव्हते, त्यांची बस त्या वेळी फेरीवर होती.

सरांकडे पाहून मावशी विचारतात, "सर, तुमची गाडी चुकली का?"

सर हो म्हणतात. कार्यशाळेचे फोल्डर काखेत धरतात.

"यात नाही घेता यायचं हं तुम्हाला. एसटी येईल आता."

मावशी आत चढून दार लावतात, पण बस हलत नाही. मधल्या वाटेने शेवटपर्यंत चालत जाताना त्यांचे पुटपुटणे उघड्या खिडकीतून ऐकू येते. सतरा, अठरा, एकोणीस. आणि पुन्हा पहिल्यापासून, कारण वीस असायला हवेत. काका इंजिन बंद करतात. मागच्या सीटखाली घरंगळलेली पाण्याची बाटली काढायला कुणीतरी पूर्ण आत शिरलेले असते, फक्त बुटांचे तळवे दिसत असतात.

"ए, बाहेर ये आधी," मावशी म्हणतात. "वीस."